लिंबात मुरवलेला मासा

आई, मी मासा खाल्ला. साठी उलटल्यावर, नगरात, आमच्याच गल्लीत. घरात हे कुणाला सांगायची सोय नाही. तू न पाहिलेले तुझे जावईही माळकरी आहेत. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी रोज संध्याकाळी चालायला सांगितलंय, तेवढा वेळ काय तो मी एकटी बाहेर असते. कोपऱ्यावरच्या एका घराच्या गॅरेजमध्ये चार टेबलं टाकून छोटं हॉटेल निघालंय. मालक इथलाच, आधी बोटीवर स्वयंपाकी होता. बायको दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाची. पाटीवर लिहिलंय ‘पेरूचं जेवण’, त्यामुळे सुरुवातीला लोक थांबून विचारायचे, पेरूची भाजी करता की कोशिंबीर? एकदा गुडघा फारच ठणकला म्हणून मी तिथल्या खुर्चीवर टेकले. ती आतून पाणी घेऊन आली. "बसा. जेवा," म्हणाली. तेवढंच मराठी तिला तेव्हा येत होतं. मटण-मासे नकोत असं मी हातानेच सांगितलं, तर तिने उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर पिवळ्या मिरचीचा, चीज घातलेला दाट रस ओतून आणला. बटाटा माझ्या रोजच्या हातातला, पण तो असाही लागतो हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले आणि मग जातच राहिले.

शुक्रवारी मुंबईहून बर्फातले मासे घेऊन टेम्पो येतो. त्या दिवशी ती स्वतःपुरता मासा करते. गॅस पेटवायचा नाही, कच्च्या तुकड्यांवर लिंबं पिळायची, कांदा, मिरची, मीठ. बघता बघता मासा शिजल्यासारखा पांढरा पडतो. बाजूला उकडलेलं रताळं. मग ती आत जाऊन, भिंतीकडे तोंड करून, उभ्यानेच खाते. "ते गिऱ्हाइकासाठी न्हाई, मावशी," मालक म्हणाला. "कच्चं असतंय. नगरात कोन खानार?" मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. तशी पाठ मी लहानपणी पाहिली होती.

शेवगावचं घर. सगळे शेतावर गेलेत, तापामुळे मी घरीच आहे. तू परसात, भिंतीच्या आडोशाला, तीन दगडांवर तवा ठेवून मामाने पाठवलेला सुका बोंबील भाजते आहेस. तू समुद्राकाठची. बाबांची पहिली नोकरी तुझ्या गावच्या शाळेत, म्हणून तुमचं लग्न जमलं, आणि बदली झाल्यावर ते तुला या कोरड्या मुलखात घेऊन आले. आजी नेमकी लवकर परतते. दारातूनच ओरडते, "ह्ये घर हाय का मासळीबाजार? तुळशीम्होरं ह्यो वास!" तवा बोंबलासकट उकिरड्यावर जातो. तू राखेने हात घासतेस, वास गेल्यावरही घासतच राहतेस. संध्याकाळी बाबा सगळं ऐकून घेतात आणि खाली बघत म्हणतात, "इथं राहायचं तर इथल्यासारखं राहा." त्यानंतर तू मासा हा शब्दसुद्धा काढला नाहीस. तुला सवय झाली, असंच मी तू गेल्यावरही कितीतरी वर्षं धरून चालले होते.

हळूहळू ती थोडं मराठी बोलायला लागली. एकदा तिने मोबाईलवर फोटो दाखवला. मागे समुद्र, पुढे खुर्चीत एक म्हातारी. "माझी आई. आजारी." मी म्हटलं, "मग जाऊन ये की." तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो जाळीवरची कोंबडी उलटत म्हणाला, "आत्ता कसं जमंल? हॉटेल आत्ता कुठं बसायला लागलंय. ही गेली तर सैपाक कोन करनार? दिवाळीनंतर बघू." माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करते. मला शिकवू दे तिला, आणि मग तिला जाऊ दे." तो वाईट माणूस नाही. हसला नाही, नीट विचारलं, "मावशी, तुमच्या घरचे येऊ देतील का?" प्रश्न तिलाही कळला होता. ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी घरी विचारलं, आई. हे म्हणाले, "या वयात हॉटेलात कोंबड्या भाजणार? चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेव." आणि टीव्हीचा आवाज वाढवला. पुढे काही दिवस मी दुसऱ्या रस्त्याने चालले. धीर करून गेले तेव्हा शटर अर्धं खाली होतं. तिची आई गेली होती. तिने सगळं मोबाईलवरच पाहिलं होतं. टेबलावर लिंबातल्या माशाचं ताट तसंच होतं. मी वाकून आत शिरले, शेजारी बसले, एक तुकडा तिला भरवला आणि एक माझ्या तोंडात घातला. आंबट, गार, मऊ. ती तिच्या भाषेत कितीतरी वेळ बोलत राहिली. मला त्यातलं फक्त ‘ममा’ कळलं. मी "व्हय गं, व्हय," म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. दुसऱ्या दिवशी हॉटेल नेहमीच्या वेळेला उघडलं. ती आत चिकनला मसाला लावत होती.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. शेवगावच्या घरात तुझ्या नावाची पत्रं आजोबाच आधी फोडायचे, आणि ती धास्ती माझ्या मनातून अजून गेलेली नाही. पण एवढं सांगते. त्या दिवशी तिच्याकडून निघाले तेव्हा मला घरी जायचं नव्हतं. कोपऱ्यावर रिक्षा थांबली. "कुठं जायचं, मावशी?" रिक्षावाल्याने विचारलं. मी खरंच आठवून पाहिलं. जावं असं एकाही गावाचं नाव सुचलं नाही. "कुठं न्हाई," म्हणाले, घरी आले आणि कणीक मळायला घेतली.