बाबांच्या ब्रशची मूठ

बारके,

मी कामावर निघालेय. बाबांचा चहा झालाय, गोळ्या दिल्यात. ब्रशची मूठ संध्याकाळपर्यंत शिकंज्यातून काढू नकोस, सरस ओला आहे. तू काल लावलास तो नव्हे, मी आज सकाळी लावला तो.

खरं सांगते. बाबांची बोटं मिटेनाशी झाली तेव्हापासून, वर्षभर, मी त्यांच्या पाट्या रंगवायच्या ब्रशांना, धरायला जाड व्हावेत म्हणून, चिंध्या गुंडाळून देतेय. एकदाही "बरं केलंस" म्हणाले नाहीत. तू चार दिवसांसाठी आलीस, चामड्याच्या चकत्या कापून दांड्यावर ओवल्यास, आणि काल आल्यागेल्याला एकच, "बारकीनं डोकं लावलं बघा, जन्मभर टिकेल!" माझ्या पोटात दुखलं. हो, दुखलं. सकाळी उठून शिकंजा सैल केला. चकत्या ओढून काढल्या, मधली एक ओढताना फाटली.

तेवढ्यात आत पाहिलं तर बाबा हवेतच पाटीची अक्षरं काढत बसलेले. "नव्या मुठीसाठी हात मोकळा करतोय," म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझ्या जुन्या पर्सचा पट्टा कापून तेवढीच चकती केली. सगळ्या पुन्हा चिकटवून घट्ट आवळल्यात. वाळल्यावर पॉलिश पेपर तूच मार, तुझा हात हलका आहे. हे लिहितानाही जिवावर आलंय.

मधली चकती जरा काळपट दिसेल. बाबांनी विचारलं तर सांग, ती ताईची आहे.

नाही विचारलं तरी सांग.