सातव्या वेळी सुलक्षणा काय म्हणाली

अबू धाबी,
शुक्रवार, १९ ऑक्टोबर २००१

तीर्थस्वरूप आशाताईंस,

अंबादासचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो; पण माणसाने माणसापुढे आडवे पडावे हे मला पटत नाही, आणि आता गुडघेही माझ्याच मताचे झाले आहेत. तेव्हा उभ्यानेच, पण मनापासून.) तुमचा दमा कसा आहे? साताऱ्याची हवा अजून तशीच चांगली असेल, असे धरून चालतो. आम्ही दोघे बरे आहोत. पर्णिका दहावीत आहे, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते आणि माझ्यापेक्षा चांगले वाद घालते. मी मुसफ्फ्याच्या त्याच वर्कशॉपमध्ये, त्याच लोखंडी पाइपांचा हिशेब ठेवतो आहे.

तीन वर्षांनी माझे अक्षर पाहून तुम्ही पाकीट न उघडता परत टाकाल, ही भीती आहे. तुमच्या धाकट्या बहिणीच्या, सुलक्षणाच्या, तेराव्याला मी जेवण न घालता इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवले. विषय ‘मृत्यूनंतर काय? काहीही नाही’. दीड तास बोललो. तुम्ही पहिल्या रांगेतून उठून गेलात आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने देशी परतलात. माझी मते अजून तीच आहेत. हे आधीच सांगतो, कारण पुढचे वाचून तुमचा गैरसमज होईल.

झाले असे की पर्णिकाला शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात एक जुने अमेरिकन गाणे म्हणायचे आहे. ते गाणे आमच्याकडच्या एका जुन्या सिनेमाच्या कॅसेटमध्ये आहे. खालच्या मजल्यावरची इंग्रज बाई देश सोडून जाताना कुकर, इस्त्री आणि ही कॅसेट सुलक्षणाला देऊन गेली होती. तुम्ही असले सिनेमे पाहिले असतील: गुळगुळीत केसांचा माणूस लिफ्ट चालवतो, राजपुत्र असल्याचे सांगतो, फुले विकणारी मुलगी ते खरे मानते, आणि पाच-पाच मिनिटांनी शेदीडशे बायका पिसे लावून जिन्यावरून उतरतात. ज्या वर्षी हा सिनेमा निघाला त्या वर्षी त्याच देशात लोक भाकरीसाठी रांगा लावून उभे होते. (यावर मी सुलक्षणाला तीनदा सविस्तर सांगितले होते. तिसऱ्यांदा तिने आवाज वाढवला. टीव्हीचा.) तत्त्व म्हणून मी तो सिनेमा कधीच पाहिला नव्हता. मायलेकी दर शुक्रवारी दुपारी पडदे ओढून पाहायच्या; मी आत भाषणाची टिपणे काढत असे.

तर मागच्या महिन्यात, तशाच एका शुक्रवारी दुपारी, पर्णिकाने कॅसेट लावली. मी पेपर घेऊन बसलो होतो. नायक-नायिका बोटीच्या कठड्याशी आली. व्हायोलिने वाजू लागली. त्याने मान तिरकी केली, तिने डोळे मिटले, दोघांची तोंडे वीतभर अंतरावर आली आणि पडद्यावर आमचा हॉल दिसला. आमचा सोफा. सोफ्यावर सुलक्षणा, वांगी रंगाच्या सुती साडीत, सरळ आमच्याकडे पाहत बसलेली.

व्हायोलिने चालूच होती. तिचे ओठ हलले आणि त्या अमेरिकन बाईचे गाणे तिच्या तोंडातून आले. आठ-दहा सेकंद. मग पुन्हा बोट, पुन्हा समुद्र, आणि तो माणूस टाय सारखा करतो आहे.

मी कुठे होतो ते सांगायला नको. बरे, सांगतो: सोफ्याच्या पाठीमागे. ज्या माणसाने मंडळात अकरा वर्षे भूतखेतांच्या चिंध्या केल्या, तो पेपर छातीशी धरून सोफ्यामागे उकिडवा बसला होता. पर्णिकाने मागे वळून पाहिले. म्हणाली, “बाबा, सिट डाउन. इट्स ओन्ली आई.”

मग तिने जे सांगितले त्यात गूढ काही नाही. इथे दुकानात मिळणाऱ्या कॅसेटमधून सगळी चुंबने आधीच कापलेली असतात. पण ही इंग्रज बाईची, साबूत. पोरगी तेव्हा आठ वर्षांची. म्हणून सुलक्षणाने प्रत्येक चुंबनावर स्वतःला चिकटवून घेतले होते. एकंदर सहा वेळा. पोरीला हे कधी कोणी समजावले नाही. तिला वाटायचे, जगात कुठेही दोन माणसे अशी जवळ आली की आई येते. (ही समजूत तिने आणखी दहा वर्षे तरी टिकवावी, असे बाप म्हणून मला वाटते.)

हे काम आमच्या गल्लीतल्या कमरुद्दीनने केले होते. मूळचा रत्नागिरीकडचा, लग्नांच्या कॅसेटी जोडून देतो. विचारायला गेलो तर त्याला सगळे लख्ख आठवत होते. भाभी स्वतः दुकानात आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या की चित्र बदल पण गाणे हलवू नकोस, पोरीला पाठ आहे. म्हणून आवाज त्या अमेरिकन बाईचा राहिला आणि सुलक्षणाचा आलाच नाही. आपली सहा चुंबने, आपले सहा तुकडे, खलास, असे तो बोटांवर मोजून म्हणाला.

मी म्हटले, सात आहेत.

ताई, खरेच सात आहेत. सिनेमा संपतो, अक्षरे येतात, पडदा काळा होतो. पुढे काही नसायला हवे. पण पर्णिकाने रिवाइंडचे बटण दाबायला वेळ लावला, आणि पुन्हा आमचा हॉल आला. या वेळी गाणे नाही. कसलाच आवाज नाही. तीच साडी, तोच सोफा, पण सुलक्षणा कॅमेऱ्याच्या जास्त जवळ आहे. शेजारी माझी खुर्ची आहे, तिच्याकडे वळवलेली, रिकामी. ती काहीतरी म्हणते. चार-पाच शब्द असावेत. मग थांबते. मग पडद्यावर मुंग्या.

पर्णिका म्हणते की लहानपणी शंभर वेळा पाहूनही हा तुकडा तिने पाहिलेला नाही. कमरुद्दीनला मी दुकानातच कॅसेट लावून दाखवतो म्हटले, तर त्याने मशीनचा प्लग काढला.

“साहेब, तुम्हीच तर स्टेजवरून सांगता, असं काय नसतंय म्हणून.”

“नसतंच.”

“मग तुम्हीच बघा. आम्हाला त्यात घेऊ नका.” आणि चहा मागवून त्याने विषय थेट पावसावर नेला, जो इथे पडत नाही.

माझे स्पष्टीकरण असे: कॅमेऱ्यातला उरलेला तुकडा जोडताना शेवटी तसाच घुसला, मशीन चालू राहिले, कमरुद्दीन विसरला. सरळ आहे. यावर मी वीस मिनिटे कुठल्याही सभेत बोलू शकतो. घरी, रिकाम्या हॉलमध्ये, बोलूनही पाहिले. बोलताना लक्षात आले की मी खुर्ची सोडून उभा आहे, आणि गेले तीन आठवडे त्या खुर्चीवर बसलेलोच नाही.

पर्णिकाला आशीर्वाद असू द्या. तुम्हाला राग असेल तर तो माझ्यावर ठेवा, तिच्यावर नको. तिला मावशीची आठवण येते. हे ती मराठीत म्हणाली.

आपला,
अंबादास

ता. क. पत्रासोबत एक कॅसेट आहे. मूळचीच, कमरुद्दीन कॉपी काढायला तयार नाही. आमच्या वर्कशॉपमधले माझे सोबती गुणवंत सुट्टीवर कराडला चालले आहेत, ते आणून देतील. तुम्ही सत्तावीस वर्षे मूकबधिर मुलांना शिकवलेत. समोरचा काय बोलतो ते ओठांवरून वाचता, हे मी लग्नाच्या मांडवातच अनुभवले आहे. तुमच्या वडिलांबद्दल कुजबुजलो होतो, ते तुम्ही बारा फुटांवरून ऐकलेत. शेवटचा तुकडा पाहा आणि सुलक्षणा काय म्हणते ते जसेच्या तसे लिहून पाठवा. गोड करू नका.

ता. क. २. एकट्याने पाहू नका. त्यात काहीही नाही. तरी एकट्याने पाहू नका.

ता. क. ३. आता खरे लिहितो. ती थांबते म्हणून लिहिले, ते थांबणे विचारल्यावर थांबावे तसे आहे. भुवया किंचित वर. मी भाषणाच्या टिपणांत असलो की ती दारात येऊन काहीतरी विचारायची, अशीच थांबायची, आणि मी मान वर न करता ‘हो’ म्हणायचो. चोवीस वर्षे. काय विचारले ते बहुतेक वेळा मला नंतर कळायचे, काही वेळा कळलेच नाही. मागच्या शुक्रवारी ती थांबली आणि माझ्या तोंडून सवयीने ‘हो’ गेले. तिने मान हलवली. पर्णिका शेजारीच होती, ती म्हणते, “शी डिडन्ट नॉड, बाबा.” मी पाहिले आहे. त्यानंतर चार वेळा लावली, एकदाही हलवत नाही, म्हणजे तिच्या दृष्टीने ठरले आहे. तेव्हा माझी मते बाजूला ठेवा आणि मी कशाला हो म्हटले आहे तेवढे लवकर कळवा. विधी असेल तर विधी करीन. दुसरे काही असेल, म्हणजे तिने मला बोलावले असेल, तर पर्णिकाला तुमच्याकडे कधी पाठवू तेही त्याच पत्रात लिहा.