भाऊसाहेबांच्या खोलीतून, मामांना

प्रिय मामा,

तुमच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवला आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. तुम्ही सुटलात म्हणे. आणि मी? अडकलो!

आज लिहायला बसलो कारण खाली बाबा लॅपटॉप उघडून बसलेत. 'मला परत घ्या' अशी युनिव्हर्सिटीला विनंती त्यांनीच टाइप केलीय, मी जाऊन फक्त सेंड दाबायचं. या घरात हक्काने भांडता यायचं ते तुमच्याशी. आता भांडू कोणाशी? म्हणून वर तुमच्या बॉक्सरूममध्ये, या अडगळीच्या खोलीत, येऊन बसलोय, भाऊसाहेबांच्या दिव्याच्या उबेत.

भाऊसाहेबांना आणलंत तेव्हा नाकाची साल निघालेली होती, आठवतं? ऑस्ट्रेलियातल्या ओढ्याकाठचा हा पाणसरडा, वॉटर ड्रॅगन, आणि वाढला इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या कुणाच्या तरी लाउंजमध्ये! काच त्याला कळायचीच नाही. पलीकडचं दिसतंय म्हणजे तिथे जाता येतं, एवढंच ठाऊक. धडक, पुन्हा धडक. तुम्ही टँकच्या काचेला खालून वीतभर ब्राउन पेपर चिकटवलात. "भिंत दिसली की आपटत नाही रे." आणि मग एके दिवशी भाऊसाहेबांनी अंडी घातली! मामी दारात हसून हसून वाकली, "अहो, आता तरी ताईसाहेब म्हणा!" तुम्ही नाव बदललं नाहीत ते नाहीच.

सायलीने ब्रिस्बेनहून पाठवलेला व्हिडिओ तुम्हाला याच खोलीत दाखवला होता. ओढ्याकाठी तसलेच सरडे, पण मोकळे. एक मान हलवून दादागिरी करतोय, समोरचा सावकाश हात फिरवून माफी मागतोय, आणि खाली पाण्यात मनगटाएवढी ईल, आपल्या वामेसारखी, निवांत. तुम्ही सरडे बघत होतात. मी कॅमेऱ्यामागचं तिचं हसणं ऐकत होतो. संपल्यावर म्हणालात, "पुन्हा लाव. सरडे नीट दिसले नसतील तुला." केवढे हो आगाऊ तुम्ही!

एकाच कॉलेजात ती प्राणिशास्त्राची, मी कॉम्प्युटरचा. ती तिकडे रिसर्चला गेली आणि मला लॅबमध्ये बसवेना. बाबा अजून म्हणतात, "एका मुलीपायी कॉलेज सोडलंस!" आई म्हणते, "हळू बोला, इथल्या भिंती पातळ आहेत." असेल, सोडलं असेल मुलीपायी. पण परत जायचं नाहीये ते मुलीपायी नाही, मामा. ते तुमच्या शनिवारांपायी.

मी घरी बसून सगळ्यांवर गुरगुरत होतो, तेव्हा तुम्हीच मला दर शनिवारी नदीवरच्या त्या बांधाशी न्यायला लागलात. ईलच्या पिल्लांना बांध चढता यावा म्हणून बसवलेली ती ब्रशसारखी उतरण, आणि वर पेटी. झाकण उघडलं की तळाशी बुटाच्या नाड्यांसारखी वळवळ. मोजायच्या आणि बांधापलीकडे सोडायच्या. एक माझ्या बोटांतून निसटली आणि ओल्या गवतातून सरळ पाण्याकडे निघाली. कोणी सांगितलं तिला, पाणी तिकडे आहे म्हणून? मी ओरडून तुम्हाला दाखवलं, तर तुम्ही डब्यातली पोळी कावळ्याला टाकत होतात. पुढे तुमचा गुडघा दुखायला लागला, आणि पोळीचं काम माझ्याकडे आलं. इथला कावळा, मानेपर्यंत काळाभोर. मी दिसलो की कुंपणावरून उतरायचा.

दहावा तिथेच करायचा, असं मामीने ठरवलं. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर. पिंड ठेवला आणि तो कुंपणावर ढिम्म. आई म्हणाली, "दादा, वहिनीला मी बघेन." ढिम्म. मामी म्हणाली, "अहो, गोळ्या वेळेवर घेईन मी." तरी नाही. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करा आता, नेटवर्क जातंय." तेवढ्यात बाबा पुढे झाले. "तुमचा भाचा परत कॉलेजला जाईल, माझा शब्द आहे!"

माझं डोकंच फिरलं. माझ्या आयुष्याचा शब्द हे कसे देतात? भांडायला म्हणून तरातरा पुढे गेलो, आणि मला बघून तो उतरला. थेट पिंडावर.

मामा, तो माझ्याकडे आला हो! पोळीसाठी!

पण मामीने डोळे मिटून हात जोडले होते. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. "ह्यांचा जीव तुझ्यात अडकला होता रे," म्हणाली आणि माझ्याच पानात भात वाढत राहिली. खरं सांगावं तर तिच्या तोंडचा घास जातो. गप्प बसावं तर मी त्या हॉस्टेलमध्ये आणि भाऊसाहेब कुठल्यातरी पेटशॉपमध्ये, नव्या कोऱ्या काचेसमोर. तेही ठरवून झालंय यांचं.

माझ्या परत न जाण्याबद्दल तुम्ही एकदा तरी बाबांशी बोलायचं होतंत! "वेळ बघून बोलतो" म्हणालात. कुठे गेली ती वेळ?

काल सायलीला तुमचं कळवलं, भाऊसाहेबांचा फोटोही पाठवला. तुमच्याबद्दल फार चांगलं लिहिलंय तिने. शेवटी विचारलंय, "नाक कसं आहे आता?" माझी चौकशी नाही. तरी सकाळपासून तीच ओळ वाचतोय. हसा!

बाबांची हाक आली. "निखिल, येतोयस का? मामी पण थांबलीये."

ऐका, वचन देतो. कावळ्याचं मामीला कधीही सांगणार नाही. तो तिचा आहे, तिच्याकडेच राहू दे. पण सेंड दाबणार नाही. तिच्यासमोर बसून सांगेन, "मामांनी मागितलं असेल, तरी मी जाणार नाही." ओरडणार नाही. ती रडेल, बाबा नको ते बोलतील, आणि मेलेल्या मामाची इच्छा मोडणारा भाचा म्हणून नाव होईल माझं. होऊ दे. मी उठून वर पळणार नाही. तुम्ही काय मागितलं होतंत आणि काय नाही, ते आपल्या दोघांना माहीत आहे. तेवढं पुरे.

दिवा चालू ठेवलाय. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून निघताना दार घट्ट लावून घेतो.

तुमचाच,
निखिल