इटालियनसाठी दहा मुलं

४ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९
आजपासून शाळेत इटालियनचा शिक्षक. दुसरीचा वर्ग, चोवीस मुलं. सोमवारी ऑनलाइन, गुरुवारी वर्गात. माझी लेक नेमकी याच वर्गात आहे, हा निव्वळ योगायोग. तिची आई तिला घेऊन वेगळी राहायला गेली, तेव्हापासून लेक मला फक्त रविवारी फोनवर मिळते. त्याचा या नोकरीशी काडीचा संबंध नाही. मला भाषेची सेवा करायची आहे. आठ महिन्यांचा कोर्स केलाय, सर्टिफिकेट लॅमिनेट केलंय.
संकल्प: गाणी नाहीत, खेळ नाहीत. आधी क्रियापदं. पाया पक्का तर सगळं पक्कं.

७ सप्टेंबर, गुरुवार
क्रियापदाचा अख्खा तक्ता फळ्यावर लिहिला. वळून बघतो तर पुढचे दात पडलेला एक पोरगा बुटाची लेस चघळतोय. दात नसताना!
लेकीने मोठ्याने ‘बाबा’ अशी हाक मारली. वर्ग फिदीफिदी हसला. तिला बजावलं, शाळेत बाबा नाही, सर म्हणायचं. पक्षपात केला असं कुणी म्हणायला नको, म्हणून पहिला प्रश्न तिलाच. आला नाही. उभं केलं. दहाच मिनिटं.

११ सप्टेंबर, सोमवार
ऑनलाइन तास. सुरुवातीलाच सगळ्यांचे माइक बंद केले. काय ती शांतता! अशी मुलं असावीत. एका आजीने मधेच स्क्रीनवर तोंड घालून हातवारे केले, ते कौतुकाचे असावेत.
लेकीच्या मागे नवा पडदा दिसला. कधी घेतला कोण जाणे. मला कोण सांगतंय? पाचव्या मिनिटाला तिचा कॅमेरा बंद. नेट गेलं असणार. तिच्या आईला धड कनेक्शन घ्यायला कधी जमलंय!

१७ सप्टेंबर, रविवार
फोनवर लेक म्हणाली, हॅलो सर. घरीसुद्धा! याला म्हणतात शिस्त. मग मीही होमवर्क विचारला. दोन मिनिटांत फोन संपला. पूर्वी अर्धा तास शेजारच्या मांजराच्या गोष्टी चालायच्या. तेवढाच वेळ वाचला.
नंतर कितीतरी वेळ फोन हातात धरून बसलो. चार्जिंग किती उरलंय ते बघत होतो.

५ ऑक्टोबर, गुरुवार
हेडबाईंनी बोलावलं. पुढच्या टर्मपासून इटालियन, मातीकाम, कराटे यातलं प्रत्येक मुलाने एकच निवडायचं. दहा मुलं आली नाहीत तर इटालियन बंद. वर सल्ला दिला की जरा गाणी घ्या, मातीकामाच्या बाई बघा मुलांना कशा रमवतात. या बाई मागच्या महिन्यात आल्या. कानामागून आली आणि तिखट झाली!
चोवीसांतून दहा म्हणजे काय, हातचा मळ. एक मत तर घरचंच. नऊ शोधायचीत.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
हेडबाईंचा मान राखायचा म्हणून गाणं म्हटलं. घरी आरशासमोर चार दिवस तयारी केली होती. एका मुलीने काळजीने विचारलं, सर, पोट दुखतंय का? बंद केलं. पालथ्या घड्यावर पाणी. पुन्हा क्रियापदं.
एका प्रश्नाचं उत्तर फक्त लेकीला येत होतं. पण पुटपुटली. मोठ्याने सांग म्हटलं. तीनदा. चौथ्यांदा रडली. तिकडे लाडावून ठेवलीय, दुसरं काय! मातीकामाच्या बाई येऊन तिला बाहेर घेऊन गेल्या. आगाऊपणा नुसता.

१९ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी १
ऑफिसात निकाल बघितला. इटालियनला तीन.
क्लार्कला म्हटलं, हे पालकांचं राजकारण आहे. एका मुलीच्या आईचा हात तर मला चांगला ठाऊक आहे. क्लार्क मान वर न करता म्हणाला, पालकांचा काय संबंध, लहान पोरांना नीट लिहिता येत नाही म्हणून तीन चित्रं छापली होती, होडी म्हणजे इटालियन. हवं ते रंगवा म्हणून सांगितलं. वर्गातच रंगवलं सगळ्यांनी, कुणी विचारलंही नाही त्यांना काही.
लेकीचा कागद मागून घेतला. मडकं रंगवलंय. छान, रेषेच्या आत.
होडीच्या शिडालाही आधी पेन्सिलीचा लाल रंग लावलेला दिसतो. अर्ध्यापर्यंत. मग खोडलाय. इतका खोडलाय की कागद फाटायला आलाय.
आता सोमवारही गेला आणि गुरुवारही. क्लार्कसमोरच रडू आलं. तो म्हणाला, सर, तो कागद फाइलला लावायचाय. दिला.