एक कोटी एकला अकराने भाग जातो

ती. आत्यास साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून कागदावरच).

तुझे गुडघे कसे आहेत? जिभेची चौकशी करत नाही. ती ठणठणीत असल्याचा पुरावा मला रविवारी, तू सुचवलेली मुलगी बघायला गेलो तेव्हा मिळाला.

‘माझा भाचा गणितवेडा आहे’ अशी थाप मुलीच्या वडिलांना मारताना, मी दातांच्या कवळ्या बनवतो आणि बत्तिसाच्या पुढे मला आकडे लागत नाहीत, हे तुला आठवलं नाही का? त्यात ते निघाले गणिताचे मास्तर. निवृत्त (पण फक्त पगारातून). सोफाभर आकडेमोडीचे कागद. मुलीच्या आईने ते उचलले तेव्हा खाली त्यांचा हरवलेला चष्मा सापडला. मी टेकतोय न टेकतोय तोच मास्तरांनी विचारलं, “तुमची आवडती मोठी मूळ संख्या कोणती?” (जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही ती मूळ संख्या, एवढं मी घोकून गेलो होतो.) शेवटी एक असला की कोण भागतंय, या हिशेबाने मी ठोकून दिलं, “एक कोटी एक.”

“अकराने जातो,” मुलगी म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करते. पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता तिने उत्तरही ठेवलं: नऊ लाख नऊ हजार एक्याण्णव. माणसाने इथे थांबावं. पण आपल्या घराण्यात ती पद्धत नाही (तुझं लग्न आठव). मी म्हटलं, जीभ घसरली, दहा कोटी एक म्हणायचं होतं. मास्तरांनी पेन्सिल उचलली. तीन, सात, अकरा, तेरा, कशानेच भाग जाईना. मला स्वतःचा अभिमान वाटू लागला. मग सतराने गेला. इतकं स्वच्छ शून्य मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी चपला शोधू लागलो, तर मास्तरांचे डोळे भरून आलेले. “आजवरच्या मुलांनी फक्त वायफायचा पासवर्ड विचारला हो! तुम्ही चुकलात, पण केवढ्या मोठ्या संख्येत चुकलात! दर रविवारी या.”

मुलगी जिन्यापर्यंत सोडायला आली. माझ्याच्याने राहवेना, गणितातलं मला ओ की ठो कळत नाही, हे सांगून टाकलं. ती मटकन पायरीवर बसली.

“नक्की ना?”

“शपथ.”

“मग माझा होकार. घरात एक गणितवेडा पुरे. पण बाबांना कळू देऊ नका. किती दिवसांनी खुलले होते आज.”

आत्या, माझ्या कवळ्या रोज दुसऱ्यांच्या तोंडात हसतात. त्या जिन्यावर मी स्वतःच्या दातांनी हसलो. तरी तुझा गुन्हा माफ नाही.

तुझा,
भाचा

ता. क. माफीची अट: एखादी खरीखुरी मोठी मूळ संख्या धाड. मास्तर भागत बसले की आम्हा दोघांना फिरायला जाता येईल.

ता. क. दुसरा. राहू दे. दहा कोटी सात, असं तिनेच सुचवलं. पक्की मूळ आहे म्हणे. पण हाताने खात्री करायची तर दहा हजारांच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. तोवर आमचं लग्न उरकेल.

ता. क. तिसरा. (पत्र टाकायचं राहिलं होतं.) उरकत नाही. भागाकार संपल्याशिवाय तारीख धरायची नाही, असं मास्तर म्हणतात. आम्ही दोघं भागायला बसलोय, तिच्या आईलाही बसवलंय. तू पहिल्या गाडीने निघ, येताना पेन्सिली आण. पाच हजारांच्या पुढच्या संख्या तुझ्या वाट्याला ठेवल्यात.