लूप-दोनला नाव

शुक्रवार, डिसेंबर.

सकाळी क्लायंटकडे मीटिंग होती. जुम्म्याच्या नमाजाआधी संपली. उत्तरेच्या डोंगरातल्या चुनखडीपर्यंत जाणारी रेल्वेची शाखा मंजूर झाली. घरी येऊन जेवलो. ही आणि मुलगी रोल्लाच्या बाजारात खरेदीला गेल्या आहेत.

बाबा, ही तुम्ही आखलेलीच लाइन. तुम्हाला जाऊन दहा-अकरा वर्षं झाली, तेवढा काळ ती कपाटात पडून होती. डोंगरात दगड भरपूर, पण ट्रकने बंदरापर्यंत नेणं परवडत नव्हतं आणि शाखा जोडायला मुख्य मार्गच नव्हता. आता मालगाड्यांचा मार्ग झाला, म्हणून तुमची ड्रॉइंग बाहेर निघाली. आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही असेल. पण लिहायला बसलो ते त्यासाठी नाही.

प्रेझेंटेशन तिने केलं. तुमच्या हाताखाली शिकलेली ती तमिळ मुलगी. आता तिचे केस पिकायला लागलेत आणि या प्रोजेक्टची ती प्रमुख आहे. मी अजून क्वांटिटीजच बघतो, माती किती, खडी किती, खर्च किती. क्लायंटच्या इंजिनिअरने मधल्या लूपवर बोट ठेवलं. मार्ग एकेरी आहे, त्यामुळे वर जाणाऱ्या रिकाम्या गाडीने तिथे बाजूला थांबून खाली येणाऱ्या भरलेल्या गाडीला वाट द्यायची. "इथे का? पुढे सपाट मैदान आहे, स्वस्त पडेल." हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला होता, आकडेमोडीसह, लेखी. तुम्ही कोपऱ्यात 'नको' एवढंच लिहून कागद परत पाठवलात. आज ती म्हणाली, "पावसानंतर अप्पांनी मला त्या मैदानात नेलं होतं. बाभळीच्या फांद्यांत काटक्या आणि गवत अडकलेलं, माझ्या डोक्याच्याही वर. म्हणाले, बघ, पाणी इथपर्यंत येतं, नकाशाला ते माहीत नाही." इंजिनिअर हसला. "खलास, हबीबी. लूप तिथेच."

मला 'नको' मिळालं आणि तिला कारण. दुपारपासून डोक्यात एवढंच आहे.

अप्पा म्हणजे तिच्या भाषेत बाबा. अल कुसैसच्या जुन्या ऑफिसातली एक दुपार मला अजून दिसते. मी नवीन लागलोय. ड्रॉइंग घेऊन तुमच्या टेबलाशी येतो आणि सवयीने म्हणतो, "बाबा, हे बघता का?" सगळे ऐकतात. तुम्ही चष्मा काढता. "इथे तुमचा बाबा कोणी नाही. ड्रॉइंग ठेवा." घरी मला अरे-तुरे करणारे तुम्ही, तिथे तुम्ही मला 'तुम्ही' म्हणालात. पक्षपात दिसू नये म्हणून, हे मला कळलं होतं. त्या दिवसापासून ऑफिसच्या दारातून आत गेलो की मी सर म्हणू लागलो. पुढे ती आली आणि महिनाभरात सगळ्यांसमोर अप्पा म्हणायला लागली. तुम्ही हसलात आणि डबा तिच्याकडे सरकवलात.

तुमच्या साइटच्या दिवशी आई दोन डबे भरायची. एकदा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारलं, "दुसरा कुणाचा?"

"त्या पोरीचा. एकटी राहते, पहाटे उठून काय करणार?"

"बाबा, आज मी पण येऊ?"

तुम्ही बूट घालत होतात. "तू काय करणार तिथे? क्वांटिटीज द्यायच्यात ना उद्या?"

आईने माझ्याकडे बघितलं आणि भरलेल्या डब्यातलं एक थालीपीठ काढून माझ्या ताटलीत टाकलं. ते तिच्या डब्यातलं की तुमच्या, हे बघायला मी मान वाकडी केली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो तेव्हा, लहान नव्हतो.

आज मीटिंगनंतर ती पार्किंगमध्ये मागून आली. आम्ही हिंदीतच बोलतो. म्हणाली, "सुनो, ड्रॉइंग में वो सिर्फ लूप-टू है. अप्पा का नाम देना है. लेकिन तुम हाँ बोलो तो ही."

मी म्हणालो, "वो नाम तो मेरा है." का म्हणालो, माहीत नाही.

ती हसली. "वही तो! तुम्हारे नाम के बीच में अप्पा फ्री में बैठे हैं. साइन करते हो, आ जाते हैं. मुझे एक लूप तो दो, यार." मला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं. मग ती म्हणाली, "तुम्हें तो ले ही गए होंगे वहाँ. कितनी शांत जगह है, ना?"

मी मान हलवली. बाबा, तुम्ही मला तिथे एकदाही नेलं नाहीत.

जेवताना मुलीला नावाचं सांगितलं. ती फोनमधून वर न बघता म्हणाली, "इट्स जस्ट अ लूप, बाबा. से येस." तिच्या तोंडून बाबा ऐकताना मला नेहमी बरं वाटतं. आज तेवढं वाटलं नाही.

ड्रॉइंग सोमवारी जाणार. नाही म्हणायला कारण शोधलं. तुम्हाला असलं काही आवडलं नसतं, असं लिहिता आलं असतं, आणि तिला ते खरंही वाटलं असतं. पण तुम्हाला काय आवडायचं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, हेच तर सगळं दुखणं. शेवटी मघाशी तिला मेसेज केला, 'ठीक है, रखो.' मन मोठं झालं म्हणून नाही. नाही म्हटलं असतं तर तिला माझ्या पोटातलं कळलं असतं.

तिचं उत्तर लगेच आलं. पुढच्या आठवड्यात ती वर साइटवर जाते आहे, गाडीत जागा आहे, चल म्हणते. मी 'देखते हैं' लिहिलं.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहितो. मला जायचं आहे. त्या बाभळी बघायच्या आहेत. पण तुम्ही कुठे उभे होतात ते ती हात करून दाखवणार आणि मी बघणार, हे मला अजून जमणार नाही.

दोघी येतील आता. तांदूळ धुऊन कुकर लावतो.