तेरानं भागलं तरी एक

सोमवार, तेरवीची संध्याकाळ.

मी सांगून राहिली, नात मिनू लिहून राहिली. मले अक्षर येत नाही, पण पोरीनं काही सुधारलं तर वाचून दाखवताना लगेच समजते.

आज माह्या बुढ्याची तेरवी झाली. जेवणं आटोपली न दोघा पोरांनी मले वाटून घेतलं. सहा महिने मोठ्याकडे हुडको कॉलनीत, सहा महिने लहान्याकडे पद्मनाभपुरात. मले कोनी विचारलं नाही. कावून विचारतील? खुर्चीले विचारते का कोनी, कुठं ठेवू म्हणून?

बुढ्याचं प्लांटातलं हजेरीचं पितळी टोकन तवा माह्या मुठीत होतं. त्यावर नंबर तीस हजार एकतीस. मिनूले म्हटलं, "पाय बरं, हा तरी दोघांत सारखा वाटला जाते का?"

तिनं कागदावर भागलं. "नाही आजी, एक उरते."

तिनानं भागलं, एक उरला. चार, सहा, नऊ सोडले, थे कटत नाही म्हणे. पाचानं, सातानं, अकरानं, तरी एकच. मंग तेरानं. तेरानंबी एक.

तेरवी झाली न एक उरली. थे मीच, दुसरं कोन? टोकन मुठीत गरम झालं होतं, जसं आताच कोनी खिशातून काढून देल्लं.

पोरगी आजोबासारखी हट्टी. (लिही, तुह्याबद्दलच आहे.) भागतच राहिली. पुढं कधी नऊ उरले, कधी अकरा. एकोणसाठवर शाळेतल्या हिंदीत ओरडली, "आजी, कट गया! अब कुछ भी नहीं बचा!"

म्हटलं, "हो बाई. मलेबी सकाळपासून तसंच वाटून राहिलं."